ताईची गाडी, बारक्याचे कान

"वरचे सूर चढलेत हो," असं शाळेतल्या संगीताच्या बाई म्हणाल्या, तेव्हा त्याला आधी हसूच आलं. गेली तीस वर्षं त्या शाळेचा पियानो तोच लावत होता. चूक निघालीच तर ती पियानोची, नाहीतर हवेची. त्याची कधी निघाली नव्हती. त्याने बाईंच्या देखत शेवटच्या पट्ट्या पुन्हा एकेक करून दाबल्या. त्याला नुसता लाकडाचा ठक्-ठक् आवाज आला. त्यामागे तारही वाजतेय, हे त्याला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. आंबट काहीतरी चावल्यासारखे त्यांनी डोळे बारीक केले होते.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे तपासण्या केल्या, इंजेक्शनं दिली, मग त्याला समोर बसवून कागदावर उतरत जाणारी एक रेघ दाखवली.

"डावा गेलाच म्हणा. उजव्याचे तीन महिने धरा, फार तर चार. आतली नसच निकामी होत चाललीय. यंत्र लावलंत तर बोलणं काही दिवस कळेल. सूर वगैरे मात्र आता विसरा."

त्या 'वगैरे'वरच त्याचं डोकं अडकून राहिलं. घरी येईपर्यंत तो तोच शब्द चघळत होता. घरी आला, पाणीसुद्धा प्यायला नाही, सरळ मागच्या शेडमध्ये गेला.

बायको वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर काम करायची. साडेपाचला ती घरी आली तेव्हा शेडमधलं सगळं सामान अंगणात आलं होतं. मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे, दोन पियानोंची झाकणं, मुलीचा लहानपणचा पाळणा. आणि आत, पस्तीस वर्षांची ताडपत्री बाजूला सारून, तो गाडीच्या नाकाशी उभा होता.

दोनच माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. एके काळी ती गर्द हिरवी होती. आता बॉनेटवर रंगाचे पोपडे सुटले होते, चारही टायर जमिनीला चिकटले होते, तारांच्या चाकांत कोळ्यांनी संसार थाटले होते. डावीकडचा पुढचा पत्रा आत चेपलेला होता.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"ही सुरू करायचीय," तो म्हणाला.

"मी काय विचारतेय?"

"तेच सांगतोय. तीन महिन्यांत सुरू करायचीय."

ती पाळण्याच्या कडेवर टेकली. मग हळूच म्हणाली, "आणि ताईंना काय सांगणार?"

गाडी ताईची होती. त्याची थोरली बहीण. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. विशी-पंचविशीत ती या गाडीतून घाटांतल्या शर्यती मारायची आणि भल्याभल्यांना धूळ चारायची. तो तिचा बिनपगारी मेकॅनिक. ती त्याला तेव्हा बारक्या म्हणायची आणि अजूनही, त्याला अठ्ठावन्नावं लागलं तरी, बारक्याच म्हणते. या गाडीच्या इंजिनाशी कान लावून बसता बसताच त्याला कळलं होतं की, आपल्याला इतरांपेक्षा जास्त ऐकू येतं. पियानो पुढे आले. पहिलं वाद्य म्हणजे हे चार सिलिंडरचं इंजिन.

ताई एकोणतीस वर्षांची असताना एका वळणावर गाडी कठड्यावर गेली. शेजारी तिचा नवरा वेळ मोजत बसला होता. लग्नाला अकरा महिने झाले होते. नवरा जागीच गेला, आणि ताईचा उजवा पाय कायमचा अधू झाला. दवाखान्यातून तिने एकच निरोप पाठवला : गाडी भंगारात घाल. त्याने घातली, असं सांगितलं. खरं म्हणजे त्याने ती ओढून आणली आणि शेडमध्ये झाकून ठेवली. का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. आणि एकदा खोटं सांगितल्यावर पस्तीस वर्षांत खरं सांगायला सवड म्हणून मिळाली नाही. ताई दर आठ-पंधरा दिवसांनी घरी यायची, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून चहा प्यायची. त्या खिडकीतून शेडचं दार समोर दिसायचं.

"ताईला आत्ता काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

त्याने पियानोची सगळी कामं थांबवली. रोज सकाळी आठला तो शेडमध्ये शिरायचा. इंजिन जाम होतं, म्हणजे पार दगड झालं होतं. पुढच्या नटाला पाना लावून, पान्याला हातभर पाइप लावून तो लोंबकळला, तरी ते केसभर हललं नाही. प्लग काढून आत डिझेल आणि तेल सोडावं, चार दिवस मुरू द्यावं, एवढं त्याला ठाऊक होतं. तीन प्लग निघाले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग निघेना. त्याने जोर लावला. त्या दिवशी सकाळी त्याला दारावरची घंटा ऐकू आली नव्हती, पोस्टमन खिडकीत येऊन हात हलवत होता, आणि ते आठवून त्याने आणखी जोर लावला. प्लग मोडला. वरचा भाग पान्यात आला आणि आट्यांचा भाग आतच राहिला.

हातातला तुकडा त्याने फेकून दिला. मग घण उचलला.

बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा तो इंजिनाच्या डोक्यावर घाव घालत होता. तिने त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं.

"काय चाललंय हे?"

"हेड सुटत नाहीये."

"मी आठ हाका मारल्या. आठ!"

"नाही ऐकू आल्या."

"माहितीये मला नाही आल्या ते!" ती ओरडली. "तुमच्याकडे तीन महिने कान आहेत. तीन महिने! आणि ते तुम्ही या लोखंडाला वाहणार? इथं घणाचे दणके ऐकत बसणार? माझा आवाज ऐकावासा वाटत नाही तुम्हाला? लेकीला फोन करावासा वाटत नाही?"

त्याला यातलं अर्धंच कळलं, पण ते पुरेसं होतं. "तुझा आवाज मला पाठ आहे," असं तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की हे चुकलं. ती वळली आणि आत गेली. जेवणाचं ताट तिने झाकून ठेवलं आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याच्याकडे आता दिवस मोजके होते आणि त्यातले दोन असे गेले.

तिसऱ्या दिवशी तो ताईच्या दुकानात गेला. ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. नंबर कितीही अवघड असो, तिच्या हातची काच फ्रेममध्ये बिनबोभाट बसायची. तो आत गेला तेव्हा ती एक भिंग उजेडाकडे धरून बघत होती.

"बारक्या? या वेळेला? सगळं ठीक ना?"

"ताई, गाडी आहे," तो म्हणाला.

"कुठली गाडी?"

"तुझी. मी भंगारात घातली नव्हती. शेडमध्ये आहे. इंजिन जाम आहे, तिसरा प्लग मोडलाय, माझ्याच्याने होत नाहीये. माझे कान चाललेत, ताई. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय."

त्याने हे सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबला असता तर सांगता आलं नसतं. ताईने भिंग कापडावर ठेवलं. ती इतकी सावकाश बोलू लागली की त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मी कठड्यापलीकडे पडले होते. पाय अडकलेला. गाडी उलटली नव्हती. इंजिन चालूच होतं. ते वीस मिनिटं चालू होतं, बारक्या. माझा नवरा हाकेच्या अंतरावर होता, आणि तो काही बोलतोय का, कण्हतोय का, मला ऐकू येईना, कारण ते इंजिन चालू होतं. तुला तो आवाज ऐकायचाय. मी पस्तीस वर्षं तो कानातून काढायला बघतेय."

"मला हे माहीत नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस." तिने भिंग पुन्हा उचललं. "जा तू. माझं काम पडलंय."

तो गेला. त्या आठवड्यात डावा कान पुरता बंद झाला आणि उजव्यात एक सततची घूं सुरू झाली. बायकोशी बोलणं सुरू झालं होतं, पण जपून. तो अजूनही शेडमध्ये जायचा. आता त्याला स्वतःलाही दिसत होतं की तो गाडी दुरुस्त करत नव्हता, मोडत होता. तापवून, ठोकून त्याने एकदाचं हेड काढलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी शिरून पिस्टनभोवती गंजाचं जाड कडं धरलं होतं. त्याने पिस्टनवर लोखंडी दांडा ठेवला आणि घण उचलला.

"हात काढ."

हे त्याला ऐकू आलं नाही. त्याला फक्त दिसलं की दारातला उजेड अडलाय. वळून बघतो तर ताई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती चेपलेल्या पत्र्याकडे बघत होती. मग आत आली, पत्र्यापासून होता होईल तितकी लांब राहून वळसा घालून इंजिनाशी आली.

"खरंच आहे का, तेवढं बघायला आले होते," ती त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. "आणि तू हे काय मांडलंयस? लोखंडाने ठोकतात का पिस्टन? अक्कल गहाण टाकलीस?"

तो रडायला लागला. त्याला थांबता येईना. ताईने काठी भिंतीला टेकवली, त्याच्या हातातला घण काढून घेतला आणि कोपऱ्यात टाकला.

"इंजिन मोकळं करून देते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी म्हणून. सुरू तुझं तू कर. त्या दिवशी मी इथं नसणार."

पुढचे तीन आठवडे ताई दुकानातून सुटली की दुपारी यायची. तिने लाकडाचा ठोकळा गोल कापून आणला आणि त्यावर हलक्या हाताने चहूबाजूंनी टकटक करत राहिली. पाच दिवसांनी पिस्टन गव्हाच्या दाण्याएवढा सरकला, आणि बायको, जी त्या भांडणापासून शेडच्या उंबरठ्याच्या आत आली नव्हती, ती हा दाणा बघायला आत आली. काच घासायच्या बारीक कागदाने ताईने सिलिंडर घासून काढला. मोडक्या प्लगचा आत राहिलेला आट्यांचा भाग बाहेर काढला. हेडखाली बसणारं नवं गॅस्केट जुन्या गाड्यांचं सामान जमवणाऱ्या एकाकडून टपालाने मागवलं. दोन्ही कार्ब्युरेटर सुटे करून स्वयंपाकघराच्या टेबलावर साफ झाले, आणि मीठ-साखरेच्या डब्यांना दोन दिवस पेट्रोलचा वास येत राहिला. चेपलेल्या पत्र्याकडे ताई एकदाही गेली नाही. बोलणंही फारसं नव्हतं. त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून, आणि तिला बोलायचं नव्हतं म्हणून.

एका रविवारी सकाळी अकराला शेवटचा नट आवळून झाला. ताईने हात पुसले.

"मी निघते," ती म्हणाली. बोटाने दाराकडे, मग कोपऱ्यावरच्या बसथांब्याकडे दाखवलं. "मी बसमध्ये बसेपर्यंत थांब. कळलं?"

त्याने मान डोलावली.

त्या दिवशी उठल्यापासून उजव्या कानातली घूं वाढत चालली होती. न्याहारीच्या वेळी बायको बोलली ते त्याला कळलं होतं. दहा वाजता तीच बोलली तेव्हा नुसते ओठ हलताना दिसले. जे काय उरलंय ते आत्ता, या घटकेला, गळून चाललंय असं त्याला वाटत होतं. फुटक्या घागरीला हात लावून बसावं तसा तो कानावर हात ठेवून बसला होता. ताई फाटकाबाहेर पडली. लंगडत, सावकाश, एकेक पाऊल.

"जाऊ द्या त्यांना कोपऱ्यापर्यंत," बायको म्हणाली. त्याच्या बाहीला धरून म्हणाली. त्याला कळलं. कळलं नाही असं त्याने दाखवलं, आणि किल्ली फिरवून बटण दाबलं.

इंजिन तिसऱ्या खेपेला पेटलं. सबंध शेड थरथरलं, मागून काळा धूर निघाला, भिंतीवरचा पाना खाली पडला. बायकोने दोन्ही कान झाकले. आणि त्याला ऐकू आलं ते एवढंच : जाड गादीखाली कुणीतरी मूठ आपटत असल्यासारखं काहीतरी. हवा आत ओढल्याचा सूं नाही, झडपांची टिकटिक नाही. तो बॉनेटखाली वाकला. कार्ब्युरेटर जुळवायला पूर्वी तो रबरी नळी वापरायचा. एक टोक कानाला, दुसरं हवेच्या तोंडाशी. दोन्हीकडचा सूर एक झाला की काम झालं. त्याने नळी कानाला लावली. नुसतं रबर. त्याने एक स्क्रू फिरवला, मग दुसरा, मग पहिला उलटा. इंजिन गचके खाऊ लागलं, मग एकदम किंचाळल्यासारखं वर गेलं. ते त्याला कळलं नाही. तो नळी कानात खुपसत होता आणि स्क्रू फिरवत होता.

त्याने वर बघितलं तर ताई दारात. काठी कुठे पडली होती कोण जाणे, ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचं तोंड उघडत-मिटत होतं. ती परत आली! त्याला इतका आनंद झाला की तो हसला. त्याने नळीचं टोक तिच्यापुढे धरलं. "तू ऐक, ताई! मला नाही जमत, तू ऐक!"

ती ओरडत होती, "बंद कर! बंद कर! बंद कर!"

तो नळी पुढे धरून हसतच होता. बायकोने त्याला ढकललं, गाडीत हात घातला आणि किल्ली फिरवली.

ताई तिथेच जमिनीवर बसली. बायकोने तिचे हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले. त्याच्या हातात अजून नळी होती. काय झालं ते त्याला आत्ता, बायकोच्या चेहऱ्यावरून, हळूहळू कळत होतं. तो ताईसमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मी थांबलो नाही." त्याला स्वतःचा आवाजही ऐकू आला नाही, त्यामुळे आपण ते मोठ्याने म्हणालो की मनात, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने ताई उठली. जाता जाता तिने बायकोला काहीतरी सांगितलं. ती गेल्यावर बायकोने ते पाटीवर लिहून त्याला दाखवलं : 'तिसरं सिलिंडर चुकतंय.'

त्याने शेडला कुलूप लावलं. उजवा कान दुसऱ्या दिवशी थोडा परत आला. असं होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पुढे अकरा दिवस तो टिकला. त्या अकरा दिवसांत तो संध्याकाळी खुर्ची ओढून बायकोच्या अगदी जवळ बसायचा आणि म्हणायचा, बोल. आणि एरवी जिचं तोंड क्षणभर मिटत नसे, तिला आता काही सुचेना.

"काय बोलू?"

"काहीही."

मग तिने वाचनालयातलं सांगायला सुरुवात केली. कुणी पुस्तकात खूण म्हणून काय काय ठेवतं. एकाने मासळीचा काटा ठेवला होता. कपाटांच्या चाव्यांवरून दोन कारकुनांचं कसं वाजलं. लेकीला फोन लावून त्याच्या कानाशी धरला. लेक नुसती 'बाबा, बाबा' म्हणत राहिली, आणि तोही नुसता 'हो, हो' म्हणत राहिला. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, बायको त्या दोन कारकुनांचं पुढचं सांगत होती आणि मधेच तिचा आवाज गेला. तो तिला म्हणाला, "गेला." ती बोलत राहिली. तिला वाटलं, तो कारकुनाबद्दलच विचारतोय.

यंत्राचा फारसा उपयोग झाला नाही. शाळेने पियानोसाठी दुसरा माणूस बघितला. संगीताच्या बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या आणि फाटकाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. तो सकाळी उठायचा, आंघोळ करायचा आणि त्यानंतर काय करायचं ते त्याला माहीत नसायचं. ताई दीड महिना आली नाही. त्याने तिला दोन चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर आलं नाही. तिसरी त्याने लिहिली नाही.

मग एक दिवस दुपारी तो अंगणात बसला असताना जमीन किंचित हादरली. बघतो तर शेडचं दार सताड उघडं. बायकोने कुलूप काढून दिलं होतं आणि आत ताईने नव्या पत्र्याच्या तुकड्यांचा गठ्ठा फरशीवर टाकला होता. तिने त्याच्याकडे रागानेच बघितलं. पिशवीतून वही काढून लिहिलं, 'इंजिनाला हात लावायचा नाही. मी इथं असेपर्यंत नाही, नसतानाही नाही. कबूल?'

त्याने लिहिलं, 'कबूल.' मग त्याखाली लिहिलं, 'मग आलीस कशाला?'

ताईने वही ओढून घेतली. मग लिहिलं, 'तू नुसता बसून असतोस, असं कळलं. गाडीचा फ्लोर पूर्ण सडलाय. खालून हात घालून बघ.'

त्याने गाडीखाली हात घातला. बोट सरळ पत्र्यातून आरपार गेलं. त्याने ते सगळीकडे फिरवून पाहिलं. जिथे गंज होता तिथे पत्रा मऊ, खवलेदार लागायचा, जिथे शाबूत होता तिथे गार आणि सपाट. हे त्याला कळत होतं. ताई डाव्या बाजूला गेली, चेपलेल्या पत्र्यापाशी, आणि तिथे पहिल्यांदाच थांबली. तिने त्यावर हात ठेवला नाही. पण ती तिथून हललीही नाही. मग खडू काढून तिने आतल्या फ्लोरवर रेघ मारायला सुरुवात केली, आणि तो डोळ्यांना चष्मा लावून, पत्रा कापायची कातर घेऊन तिच्या रेघेमागून सरकू लागला.